उंचीचा आकडा पडद्यावरून काढा

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,



३० जुलै २०२५ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे पाचच्या सुमारास, रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ समुद्राखाली ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जपानने सुमारे वीस लाख लोकांना किनाऱ्यापासून दूर, उंचावर जायला सांगितले. सकाळभर आपल्याकडेही हीच मुख्य बातमी होती. मग होक्काइदो बेटावरून पहिल्या लाटेची नोंद आली, ३० सेंटीमीटर. तो आकडा पडद्यावर आल्यापासून बातमीचा सूरच बदलला. ‘फूटभर लाट’, ‘धोका टळला’ अशा पट्ट्या फिरू लागल्या आणि थोड्याच वेळात दुसरे विषय सुरू झाले. त्यानंतर काही तासांनी जपानच्याच कुजी बंदरात १.३ मीटरची लाट मोजली गेली, पण ती बघायला आपल्यापैकी फार थोडे थांबले होते. जपानने शेवटचा इशारा मागे घेतला तो दुसऱ्या दिवशी दुपारनंतर.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. त्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, “बाई, फूटभर लाटेला घाबरून वीस लाख माणसं कशाला पळतील?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या घरचे दर्यावर जातात, पावसाळ्यात पुरुषभर उंचीच्या लाटा तो रोज बघतो. त्याला जे दाखवले गेले त्यावरून दुसरा कुठलाही निष्कर्ष निघाला नसता. म्हणून हे पत्र त्या मुलाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. त्सुनामीच्या बातमीतून लाटेच्या उंचीचा ठळक आकडा काढून टाका, ही माझी मागणी आहे. तिच्यामागची कारणे सविस्तर सांगते, कारण ती सगळी पाण्याच्या साध्या भौतिकशास्त्रात आहेत आणि आपल्या निवेदकांना ती एका बैठकीत समजतील.

वाऱ्याने उठलेली लाट आणि त्सुनामी यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, पण त्यांत पाणी हलण्याची तऱ्हा वेगळी असते. वाऱ्याच्या लाटेत पाणी वरच्या वर घुसळते. लाटेची जेवढी लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत ती हालचाल जवळपास संपते. शंभर मीटर लांबीची लाट असेल तर पन्नास मीटर खाली पाणी स्वस्थ असते. त्सुनामीची लांबी मात्र शंभर-दोनशे किलोमीटर असते आणि महासागराची खोली असते चार किलोमीटर. इतक्या लांब लाटेपुढे महासागरसुद्धा उथळ ठरतो. मग पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सगळेच पाणी एकदम पुढे सरकते, एकदम मागे येते.

हे आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पन्हळीत करून बघतो. पावसाचे पाणी काढायची पीव्हीसीची तीन मीटर लांब पन्हळ घ्यायची, दोन्ही टोके बंद करायची, चार सेंटीमीटर पाणी भरायचे आणि तळाशी चिमूटभर रांगोळी टाकायची. रांगोळी जड असल्याने ती बुडून तळाला बसते. आधी बोटाने पाण्यावर टिचक्या मारायच्या. बारीक तरंग उठतात, दिसायला मोठी खळबळ असते, पण रांगोळीचा कण हलत नाही. मग एक टोक बोटभर उचलून हळूच खाली ठेवायचे. पाण्याला एक बुटका फुगवटा येतो, इतका बुटका की तिरपे बघितल्याशिवाय नीट दिसत नाही. तो या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना तळाची रांगोळी सरकते, परतताना पुन्हा उलटी सरकते. मुलांचे डोळे तेव्हा पाण्यावरून तळाकडे जातात. मग घड्याळ लावून मोजायचे. चार सेंटीमीटर पाण्यात फुगवट्याला या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या एका फेरीला पावणेपाच-पाच सेकंद लागतात. पाणी एक सेंटीमीटरवर आणले की तीच फेरी साधारण दुप्पट वेळ घेते. खोली चौपट तर वेग दुप्पट. वेग ठरतो तो गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून, आणि त्यात लाटेच्या उंचीचा संबंधच येत नाही.

आता हेच सूत्र महासागराला लावा. चार हजार मीटर खोलीला वेग येतो सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरहून जास्त. प्रवासी विमानाच्या जवळपासचा हा वेग आहे. दहा मीटर खोलीवर तोच उतरतो ताशी ३६ किलोमीटरवर. हा वेग लाटेच्या आकाराचा आहे, पाण्याच्या थेंबाचा नाही. खोल समुद्रात अर्धा-पाऊण मीटर उंचीच्या त्सुनामीत पाणी स्वतः सेकंदाला जेमतेम तीन सेंटीमीटर सरकते. जहाजावरच्या खलाशाला काही कळतही नाही. पण सरकते ते चार किलोमीटर उंचीचे पाणी. एका चौरस मीटरवर उभा असलेला तो स्तंभ चार हजार टनांहून जास्त भरतो, आणि असे स्तंभ शेकडो किलोमीटरपर्यंत एकमेकांना लागून सरकत असतात. महासागराच्या तळाशी ठेवलेली दाबमापके त्सुनामी ओळखू शकतात ती यामुळेच. वादळी लाटांचा दाब तिथवर पोचत नाही, त्सुनामीचा पोचतो, मग ती वर काही सेंटीमीटरची का असेना.

२६ डिसेंबर २००४ ची लाट आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि समुद्रतळ अंदमानच्या दिशेने बाराशे किलोमीटरहून अधिक लांबीवर फाटत गेला. त्यानंतर दोनेक तासांनी जेसन-१ नावाचा उपग्रह योगायोगाने हिंदी महासागरावरून चालला होता. त्याच्या रडारने खुल्या समुद्रात ती लाट मोजली, तिची उंची भरली सुमारे ६० सेंटीमीटर. त्या वेळी एखाद्या वाहिनीकडे हा आकडा असता, तर तिने पट्टी काय चालवली असती? चौदा देशांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे त्या लाटेने नेली. एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक गेली, त्यांतली बहुतेक नागपट्टिणम, कडलूर, कन्याकुमारी आणि निकोबारच्या किनाऱ्यांवरची.

साठ सेंटीमीटरमध्ये एवढी ताकद येते कुठून, याचा हिशेब करता येतो. लाटेतली ऊर्जा दोन गोष्टींवर अवलंबून असते, उंचीच्या वर्गावर आणि लांबीवर. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणारी तीन मीटर उंचीची, शंभर मीटर लांबीची दणदणीत लाट घ्या. तिच्या माथ्याच्या दर मीटर रुंदीमागे साधारण अकरा लाख ज्यूल ऊर्जा असते. साठ सेंटीमीटर उंचीची पण दोनशे किलोमीटर लांबीची त्सुनामी घ्या, दर मीटर रुंदीमागे नऊ कोटी ज्यूल. उंचीला पाचपट बुटकी लाट ऊर्जेला ऐंशीपट भारी पडते. पडद्यावर आपण फक्त उंची दाखवतो, म्हणजे गुणाकारातला एक आकडा दाखवतो आणि दुसरा, जो लाखांच्या घरात आहे, तो गाळतो.

इथे एक सवय मोडायला हवी. त्सुनामीची ऊर्जा ‘इतके अणुबॉम्ब’ अशी सांगितली जाते. ऐकायला भयंकर वाटते, पण समजत काहीच नाही. एक लाख चौरस किलोमीटरवर समुद्राचा पृष्ठभाग एक मीटरने उचलला गेला असे धरले, तर त्या फुगवट्यात साठणारी ऊर्जा विजेच्या हिशेबात सुमारे १४ कोटी युनिट होते. महाराष्ट्र एका दिवसात याहून कितीतरी जास्त वीज वापरतो. २००४ मध्ये तळ काही ठिकाणी कित्येक मीटर हलला होता, त्यामुळे खरा आकडा याच्या अनेक पट होता, तरीही भूकंपातून मोकळ्या झालेल्या एकूण ऊर्जेचा तो अगदी लहान अंश होता. त्सुनामीचे भयंकरपण ऊर्जेच्या साठ्यात नाही, ती ऊर्जा वाटेत सांडत नाही यात आहे. पाण्याचे आतले घर्षण इतक्या लांब लाटेला जवळपास लागतच नाही. शिवाय खोल समुद्रात तिचे सगळे घटक जवळपास एकाच वेगाने चालतात, म्हणून ती विस्कटतही नाही. सुमात्रापासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सोमालियात त्या दिवशी शेकडो माणसे बुडाली ती म्हणूनच. याउलट उत्तरेकडचा बांगलादेश जवळपास सुटला. फाट उत्तर-दक्षिण होती, ऊर्जा तिच्या काटकोनात पूर्वेला आणि पश्चिमेला झेपावली. नकाशावर गोल गोल वर्तुळे काढून त्सुनामी दाखवणारी ग्राफिक्स हे लपवतात. कुठला किनारा किती जवळ आहे याइतकेच तो फाटीच्या समोर आहे का, हेही महत्त्वाचे असते.

आता ही लाट किनाऱ्याजवळ येते तेव्हा काय होते ते बघा. टोलनाक्यावर पुढच्या गाड्या हळू होतात आणि मागच्या तेवढ्याच वेगाने येत राहतात, म्हणून रांग आखडते. लाटेचा पुढचा भाग उथळ पाण्यात मंदावतो आणि मागचा त्याच्यावर चढत येतो. लांबी कमी होते, वाहून आणलेली ऊर्जा थोड्या जागेत दाटते आणि तिला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. चार हजार मीटरपासून दहा मीटर खोलीपर्यंत येताना उंची साडेचार पट होते, म्हणजे साठ सेंटीमीटरचे पावणेतीन मीटर. हा नुसत्या खोलीचा हिशेब झाला. खाडीचे तोंड निमुळते असेल, उपसागर लाटेच्या लयीत डोलणारा असेल, समोर चढ असेल, तर पाणी याच्या कितीतरी वर जाते. उगमाच्या अगदी जवळ असलेल्या सुमात्राच्या ल्होकंगा भागात ते तीस मीटर चढले होते.

पण उंचीपेक्षाही मुलांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. लांबी आखडली तरी दहा मीटर खोलीवर ती लाट अजून दहा किलोमीटर लांब असते. तिचे पुढचे टोक पुळणीला लागते तेव्हा मागचे टोक दहा किलोमीटर आत समुद्रात असते आणि मधल्या जवळपास निम्म्या लांबीतले पाणी जमिनीच्या दिशेने चालत असते. वाऱ्याची लाट फुटते आणि आठ-दहा सेकंदांत परत जाते. ही लाट आठ-दहा मिनिटे आतच येत राहते. आपण पडद्यावर कमानदार, फेसाळ, माथा वळलेली लाट दाखवतो. होकुसाईचे प्रसिद्ध जपानी चित्रही अनेकदा लावले जाते, आणि ती तर खवळलेल्या समुद्रातली वाऱ्याची लाट आहे. खरी त्सुनामी बहुतेक ठिकाणी अचानक आलेल्या, न थांबणाऱ्या भरतीसारखी येते, समोर होड्या, ओंडके, गाड्या, पत्रे ढकलत. ज्याच्या मनात कमानदार लाट बसली आहे तो पाणी येताना बघूनही ओळखणार नाही.

त्या पाण्यापुढे माणसाचे काय चालते, हेही आकड्यांत सांगता येईल. गुडघाभर पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने येते आहे असे धरा, म्हणजे साधारण आपण सावकाश धावतो तो वेग. दोन्ही पायांवर मिळून सुमारे साठ किलो वजनाचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. आणि पाणी नुसते येत नाही, त्याच्यासोबत जे येते ते हाडे मोडते. फूटभर ‘लाट’ दिसते तिथे असे पाणी कित्येक मिनिटे वाहत असते, हे वर्गातल्या त्या मुलाला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग टीव्हीवाले हे का सांगत नाहीत?”

उंचीच्या आकड्याची दिशाभूल किती टोकाची असू शकते याचे उदाहरण आपल्याच संग्रहात असेल. जगातली सर्वांत उंच त्सुनामी म्हणून अलास्कातल्या लिटुया उपसागराची गोष्ट वरचेवर दाखवली जाते. १९५८ मध्ये तिथे भूकंपाने कडा कोसळून पाण्यात पडला आणि समोरच्या डोंगरावर पाणी ५२४ मीटर उंच उसळले. पण ते एका अरुंद उपसागरात दगड पडून उडालेले पाणी होते. लाट आखूड होती, खुल्या समुद्रात ती लवकरच विरली, मृत्यू मोजकेच झाले. एकीकडे पाचशे चोवीस मीटर, दुसरीकडे साठ सेंटीमीटर. उंचीला धोक्याचे माप मानणाऱ्या माणसाने कशाला घाबरायचे?

हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. आकड्याने माणसे कशी थांबतात याचा अनुभव ज्या देशाने घेतला त्याने आपली पद्धत बदलली, आणि माझ्या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर भूकंप झाला. तीन मिनिटांत, २ वाजून ४९ मिनिटांनी, जपानच्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. जगात इतक्या वेगाने काम करणारी यंत्रणा दुसरी क्वचितच असेल. पण एवढ्या मोठ्या भूकंपाची तीव्रता पहिल्या तीन मिनिटांत पुरती मोजता येत नाही. ती ७.९ धरली गेली, प्रत्यक्षात ती ९ होती. त्या हिशेबाने मियागी प्रांताला सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमाला तीन मीटर असे अंदाज गेले. अनेक गावांना याहून उंच बंधारे होते. तीन मीटर म्हणजे भिंतीच्या अलीकडे, असे लोकांनी मनात मांडले. मग किनाऱ्यावरच्या मोजमापांतून पहिल्या लाटेचा आकडा प्रसारित झाला, २० सेंटीमीटर. ३ वाजून १४ मिनिटांनी अंदाज वाढवून मियागीला दहा मीटर केला गेला, तोवर कित्येक ठिकाणची वीज गेली होती आणि रेडिओ-टीव्हीपासून लोक तुटले होते. त्यांच्या कानात शेवटचा आकडा राहिला तो तीन मीटर किंवा वीस सेंटीमीटर. इवातेच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी चाळीस मीटरच्या आसपास चढले. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक.

नंतर जपानने दोन वर्षे विचार करून २०१३ च्या मार्चमध्ये इशाऱ्यांची रचनाच बदलली. भूकंप फार मोठा असेल आणि त्याची तीव्रता अजून नक्की झाली नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटरमधला आकडा देतच नाहीत. ‘प्रचंड’ किंवा ‘उंच’ एवढेच सांगतात. किनाऱ्यावर पोचलेली पहिली लाट अंदाजाच्या मानाने फारच लहान असेल, तर तिची उंचीही जाहीर करत नाहीत, ‘मोजणी चालू आहे’ एवढेच म्हणतात. हातात आकडा असून तो न सांगण्याचा निर्णय मोजमापात जगात अव्वल असलेल्या देशाने घेतला आहे. त्यांच्या राष्ट्रीय वाहिनीने निवेदनाची भाषाही बदलली. १ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचकेची निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना आत्ताच्या आत्ता पळायला सांगत होती, मागे फिरू नका म्हणत होती. आपण तिथली दृश्ये घेतो, ही शिस्तही घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पहिल्या लाटेनंतर निर्धास्त व्हायचे नसते, याची उदाहरणे द्यायला लागले तर पत्र संपणार नाही. एकच सांगते. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा. पंधरा तासांनी, मध्यरात्रीनंतर, त्याची लाट हवाईतल्या हिलो शहरात पोचली. भोंगे संध्याकाळीच वाजले होते. पहिली लाट जेमतेम चार फुटांची निघाली. काही लोक घरी परतले, काही पाण्याची गंमत बघायला किनाऱ्यावर आले. एक वाजून चार मिनिटांनी तिसरी लाट भिंतीसारखी आत आली. ६१ माणसे गेली. दोन लाटांमध्ये वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असू शकते आणि उपसागरात पाणी तासन् तास हेलकावत राहते. ‘लाट येऊन गेली’ हे वाक्य त्सुनामीच्या बातमीत कुठल्याही क्षणी धोक्याचे आहे.

तसेच दुसरे वाक्य, ‘समुद्र मागे गेला की समजावे’. २००४ मध्ये थायलंडच्या बाजूचा तळ खचला होता, म्हणून तिथे आधी समुद्र ओसरला. फुकेतच्या माइखाव किनाऱ्यावर दहा वर्षांच्या टिली स्मिथ या इंग्लिश मुलीने ते चिन्ह ओळखले, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामी शिकली होती. तिने आईवडिलांना सांगितले आणि तो किनारा वेळेत रिकामा झाला. ही गोष्ट जरूर दाखवा, शिक्षिका म्हणून मला ती फार प्रिय आहे. पण तिच्यासोबत हेही सांगा की भारत आणि श्रीलंकेच्या बाजूचा तळ वर उचलला गेला होता, म्हणून आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाटेचा माथाच आधी पोचला. तिथे समुद्र मागे जायची वाट बघणाऱ्याला वेळ मिळालाच नसता.

आणि भूकंपाची तीव्रता हेही त्सुनामीचे माप नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्रासमोर पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, सगळीकडे धावपळ उडाली, पण लाट किरकोळच आली. त्या वेळी तळाचे तुकडे एकमेकांना आडवे घासले होते, पाणी फारसे उचलले गेलेच नव्हते.

आता आपल्या किनाऱ्याबद्दल. आपल्यातल्या काही जणांना वाटत असेल की त्सुनामी ही लांबची बातमी आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यासमोर ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोचली आणि काही माणसे वाहून गेली, अशी नोंद आहे. भूकंपाचा तो पट्टा आजही तिथेच आहे आणि त्यावर ताण साठतो आहे. मधल्या साडेचार-पाच तासांचे कारणही त्याच वर्गमुळात आहे. मुंबईसमोरचा समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे, बहुतांश भाग शंभर मीटरच्या आतला. खोल अरबी समुद्र लाट झपाट्याने पार करते आणि मग या उथळ पट्ट्यावर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने यावे लागल्याने तिला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मुंबईसाठी हा निसर्गाने दिलेला वेळ आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ पासून भारताचे त्सुनामी इशारा केंद्र काम करते आहे आणि भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास तिथून पहिले पत्रक निघते. म्हणजे पुढचे चार तास कसे वापरले जातील हे बरेचसे आपल्या हातात आहे.

त्या चार तासांत पडद्यावर ‘१ मीटर’ असा आकडा फिरत राहिला तर काय होईल, याचा विचार करताना मला पावसाळ्यातल्या आपल्या एका बातमीची आठवण होते. ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असे आपण दरवर्षी सांगता. तो आकडा लाटांचा नसतो. ती भरतीची पातळी असते, तीसुद्धा सागरी नकाशावरच्या सर्वांत खालच्या ओहोटीजवळच्या आधारपातळीपासून मोजलेली. वर्षानुवर्षे साडेचार मीटरच्या ‘लाटा’ मरीन ड्राइव्हवर छत्री घेऊन बघितलेल्या मुंबईकराला एक मीटर त्सुनामीचे काय वाटणार? त्यातही त्सुनामीची उंची भरती-ओहोटी वजा करून सांगतात. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक चार-पाच मीटरचा असतो. एक मीटरची त्सुनामी ओहोटीला आली तर कदाचित पुळणीच्याही वर यायची नाही, आणि उधाणाच्या भरतीवर आली तर खाडीकाठची वस्ती, नाल्यांची तोंडे, कोळीवाड्यांच्या गल्ल्या पाण्यात जातील. आकडा तोच.

म्हणून उंचीच्या जागी वेळ दाखवा. पहिली लाट कुठल्या तालुक्याला किती वाजता पोचेल, त्या वेळी तिथे भरती असेल की ओहोटी, आणि किमान किती तास किनाऱ्यावर जायचे नाही. हे सगळे इन्कॉइसच्या पत्रकातून आणि भरतीच्या तक्त्यातून मिळते, कुणाच्या अंदाजाची गरज नाही. भरतीचा तक्ता बातमी कक्षात हाताशी असू द्या. अरुंद खाड्यांच्या काठांची नावे घेऊन सांगा, ‘कोकण किनारपट्टी’ एवढे म्हणून कुणी घर सोडत नाही. समुद्रात असलेल्या होड्यांनी लगबगीने बंदरात परतू नये, हे तांडेलांना वेगळे आणि वारंवार सांगा, कारण बंदरातच पाणी सर्वांत बेभान होते. लाटेचे दृश्य टिपायला प्रतिनिधीला जेटीवर उभे करू नका. त्याच्या मागे उभी असलेली माणसे बघून आणखी शंभर जण तिथे जातात. आणि पहिल्या लाटेचा आकडा हातात आला, तो कितीही लहान असला, तरी जपानसारखे ‘मोजणी चालू आहे’ एवढेच म्हणा आणि सरकारने इशारा मागे घेईपर्यंत पट्टी हलवू नका, मग त्याला रात्र लागो की दुसरा दिवस.

हे बसवायला एखादी दुपार पुरेल. भूगोल आणि भौतिकशास्त्र शिकवणारे आमच्यासारखे शिक्षक प्रत्येक किनारी तालुक्यात आहेत. आपण बोलावले तर आपल्या निवेदकांसमोर पन्हळ मांडायला येऊ.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका